मैकल डोंगरातला ‘बडा भाई’

महाविद्यालयांच्या वार्षिकांकांत थोरामोठ्यांची चरित्रे येतात ती बहुधा दूरच्या माणसांची असतात. पुण्या-मुंबईचे समाजसुधारक, दिल्लीचे राष्ट्रपुरुष, विलायतेचे शास्त्रज्ञ. ते योग्यच आहे. परंतु आपल्या झाडीपट्टीच्या उंबरठ्यावर, गोंदियाहून बालाघाट-नैनपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या पलीकडे, मैकलच्या डोंगरात एका माणसाने आपल्या उमेदीची वीसेक वर्षे घालविली, तेथल्या गोंड, बैगा, अगरिया आणि परधान यांची गाणी, कथा, चेहरे आणि दुःखे जगापुढे मांडली, ही गोष्ट आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. त्या माणसाचे नाव व्हेरियर एल्विन. जन्माने इंग्रज, शिक्षणाने साहित्याचा आणि धर्मशास्त्राचा पदवीधर, कर्माने लेखक व छायाचित्रकार, आणि अखेरीस नागरिकत्वाने भारतीय.

मी मराठीचा अध्यापक आहे. मानववंशशास्त्राची कोणतीही पदवी माझ्यापाशी नाही. तरीही या माणसाविषयी लिहावेसे वाटले, याला कारण आहे. गोरेगावच्या वर्गात शिकविताना माझ्यासमोर सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगाव या भागांतून आलेली गोंड मुले-मुली बसलेली असतात. एल्विन यांनी ज्या समाजाविषयी लिहिले, त्या समाजाची ही आजची पिढी. आपल्या माणसांविषयी परक्याने लिहावे काय, लिहिले तर कोणत्या अधिकाराने, आणि त्या लिहिण्याने आपल्या माणसांना काय मिळते, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने केवळ परीक्षेतला नाही. एल्विन यांचे सारे आयुष्य म्हणजे याच प्रश्नाचे एक लांबलचक, काही ठिकाणी उजळ आणि काही ठिकाणी डागाळलेले उत्तर आहे.

व्हेरियर एल्विन यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०२ रोजी इंग्लंडमधील डोव्हर या बंदराच्या गावी झाला. वडील पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन येथे बिशप होते. मुलगा अवघा सात वर्षांचा असताना, १९०९ मध्ये ते वारले. आई अत्यंत धर्मनिष्ठ. घरात बायबलचे वाचन, प्रार्थना आणि शिस्त. चेल्टनहॅमच्या डीन क्लोज या शाळेतून हा मुलगा ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात गेला. तेथे इंग्रजी साहित्य व धर्मशास्त्र या दोन्ही विषयांत त्याने पहिला वर्ग मिळविला. १९२६ साली वायक्लिफ हॉल या धर्मशिक्षण संस्थेचे उपप्राचार्यपद त्याच्याकडे आले. पुढे बिशप व्हावे, मान मिळवावा, पुस्तके लिहावीत, असा सरळ राजरस्ता त्याच्यासमोर होता.

तो रस्ता सोडून एल्विन १९२७ मध्ये हिंदुस्थानात आले, ते थेट आपल्या महाराष्ट्रात. पुण्यात फादर विन्स्लो यांचा ख्रिस्त सेवा संघ नावाचा आश्रम होता. ख्रिस्ती धर्म भारतीय वेषात, भारतीय राहणीत जगून पाहावा, असा त्या मंडळींचा प्रयत्न होता. एल्विन तेथे खादी वापरू लागले. १९२८ च्या आरंभी साबरमतीला त्यांनी महात्मा गांधींची भेट घेतली आणि त्या भेटीने त्यांचे आयुष्य पालटले. धर्मप्रचारासाठी आलेला तरुण स्वराज्याच्या बाजूचा झाला. सत्याग्रहाचे समर्थन करणाऱ्या पुस्तिका त्याने लिहिल्या. १९३२ मध्ये वायव्य सरहद्द प्रांतात जाऊन तेथील सरकारी दडपशाहीची त्याने माहिती काढली. सरकारची अर्थातच वक्रदृष्टी झाली.

पुण्याच्या त्या आश्रमानेच एल्विन यांना आयुष्यभराचा सोबती दिला. त्याचे नाव शामराव हिवाळे. शामराव मराठी ख्रिस्ती. पुढच्या साऱ्या प्रवासात एल्विन यांचे नाव पुढे राहिले व शामराव मागे राहिले. परंतु खेड्यातल्या माणसांशी बसणे-उठणे, औषधे देणे, भांडणे मिटविणे, हिशेब सांभाळणे हा भार शामरावांनी उचलला नसता, तर एल्विन यांची निम्मी पुस्तकेही झाली नसती, असे म्हटले तर वावगे ठरू नये. शामराव स्वतःही लेखक होते. नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४६ साली निघाला, आणि त्याच वर्षी त्यांनी एल्विन यांच्यावरही एक पुस्तक लिहिले. मराठी वाचकाने हे नाव विसरू नये.

आदिवासींमध्ये जाऊन काम करावे, ही दिशा वर्ध्याच्या जमनालाल बजाज यांनी सुचविली. त्या काळी मध्यप्रांताची राजधानी नागपूर होती. आपला भंडारा जिल्हा आणि तिकडचा मंडला जिल्हा एकाच प्रांतात होते. जानेवारी १९३२ मध्ये एल्विन व शामराव मंडला जिल्ह्यातल्या करंजिया या गोंड खेड्यात जाऊन राहिले. आज हे गाव मध्य प्रदेशाच्या दिंडोरी जिल्ह्यात येते. कुडामातीच्या झोपड्या, एक शाळा, एक दवाखाना आणि पुढे महारोग्यांसाठी एक आश्रयस्थान, असा त्यांचा संसार उभा राहिला. संस्थेला पुढे गोंड सेवा मंडळ असे नाव मिळाले. गावकरी एल्विन यांना ‘बडा भाई’ आणि शामरावांना ‘छोटा भाई’ म्हणू लागले.

येथेच एल्विन यांचे चर्चशी बिनसले. नागपूरच्या बिशपांनी त्यांना धर्मोपदेशकाचा परवाना देण्यास नकार दिला, कारण राजनिष्ठेची शपथ घेण्यास ते तयार नव्हते. गोंडांना ख्रिस्ती करावे, असेही त्यांना वाटेना. ज्यांच्याजवळ आपले देव, आपली गाणी, आपली नीती आहे, त्यांना दुसऱ्याचा देव देण्याची गरज काय, असा विचार त्यांच्या मनात बळावत गेला. अखेर १९३५ मध्ये त्यांनी चर्चचा निरोप घेतला. गांधीजींविषयी आदर कायम होता, पण तेथेही मतभेद झाले. जेथे कापूस पिकत नाही तेथे सूतकताईचा आग्रह कशाला, आणि ज्यांच्या प्रत्येक सणात, लग्नात, मरणात मोहाच्या दारूचा वाटा असतो त्यांच्यावर दारूबंदी वरून का लादावी, असे प्रश्न ते विचारू लागले. दोन्ही गुरुघरे सोडून हा माणूस आता एकटा आपल्या डोळ्यांनी पाहू लागला.

पाहणे हा शब्द मी मुद्दाम वापरला. एल्विन यांनी मानववंशशास्त्राचे शिक्षण कोठल्याही विद्यापीठात घेतले नव्हते. त्यांची पद्धत एकच होती. लोकांमध्ये राहावे, त्यांच्याबरोबर जेवावे, रात्री शेकोटीशी बसून गाणी ऐकावीत, आणि मग लिहावे. साहित्याचा विद्यार्थी असल्याने गाण्याकडे त्यांचे लक्ष प्रथम गेले. शामरावांसह केलेला गोंड गीतांच्या इंग्रजी अनुवादाचा संग्रह १९३५ साली निघाला. १९३६ मध्ये करंजियाच्या दिवसांची दैनंदिनी आली. ती आजही हसत हसत वाचता येते. १९३७ ची ‘फुलमत’ ही कादंबरी महारोग जडलेल्या एका परधान मुलीची कहाणी आहे. मग १९३९ मध्ये बैगांवरचा मोठा ग्रंथ आला आणि विद्वानांच्या जगात एल्विन यांचे नाव झाले.

बैगांचा ग्रंथ का गाजला, हे थोडे समजावून घेतले पाहिजे. बैगा नांगर धरीत नसत. धरती ही आई आहे, नांगराने तिची छाती फाडणे हे पाप आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. जंगलाचा तुकडा तोडायचा, जाळायचा, राखेत बी फेकायचे, काही वर्षांनी दुसरीकडे जायचे, ही त्यांची ‘बेवार’ शेती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज सरकारचे जंगल खाते आले, जंगले राखीव झाली आणि बेवार हा गुन्हा ठरला. १८९० साली मंडला जिल्ह्यात ‘बैगा चक’ म्हणून मर्यादित प्रदेश बेवारीसाठी मोकळा ठेवण्यात आला. बाकी सगळीकडे बंदी. एल्विन यांनी दाखवून दिले की हा केवळ शेतीच्या पद्धतीचा बदल नव्हता. बैगांचे देव, त्यांच्या उत्पत्तिकथा, त्यांचा आत्मसन्मान, सारे त्या कुऱ्हाडीशी आणि त्या राखेशी बांधलेले होते. कुऱ्हाड काढून घेताच माणसाचे जगण्यावरचे मनच उडाले. एका बाजूची वीट काढली की सगळी भिंत हलते, तशी संस्कृती असते, हे तत्त्व त्यांनी जड परिभाषेत न सांगता माणसांच्या हकिगतींतून पटवून दिले.

१९४२ च्या अगरिया ग्रंथात हेच सूत्र पुढे गेले. अगरिया म्हणजे मातीच्या भट्टीत लोखंड गाळणारी जमात. लोहासुर हा त्यांचा देव. भट्ट्यांवर कर बसला, कोळशासाठी लाकूड मिळेनासे झाले, कारखान्याचे स्वस्त लोखंड बाजारात आले, आणि देवासकट एक कारागिरी मोडकळीस आली. १९४३ मध्ये बस्तरच्या माडियांमधील खून आणि आत्महत्या यांवरचे पुस्तक आले. खुनाची शंभर प्रकरणे तपासून, माणूस का मारतो याचा शोध त्यांनी घेतला. १९४७ मध्ये मुरियांच्या घोटुलावरचा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपल्या शेजारच्या गडचिरोलीतही गोटुल ही संस्था आहे, म्हणून हा विषय आपल्याला परका नाही. अविवाहित मुलामुलींनी एकत्र राहून काम, नाच, गाणी, शिस्त आणि प्रेम शिकायचे, या व्यवस्थेकडे बाहेरचे जग चवीने किंवा नाक मुरडून पाहत होते. एल्विन यांनी तिच्याकडे एक शाळा म्हणून पाहिले.

या बहुतेक ग्रंथांत छायाचित्रे आहेत आणि त्यांतली पुष्कळशी एल्विन यांनी स्वतः काढलेली आहेत. नागपूरच्या एका ग्रंथालयात ती पुस्तके पुढे घेऊन मी बराच वेळ बसलो होतो. गोंदणाने भरलेले हात, खांद्यावर कुऱ्हाड, केसांत खोवलेल्या कोरीव फण्या, नाचणाऱ्यांच्या ओळी. त्या काळच्या इतर पुस्तकांत आदिवासी माणूस मोजमापासाठी उभा केल्यासारखा, समोरून एकदा आणि बाजूने एकदा, असा दिसतो. एल्विन यांच्या चित्रांत तो पुष्कळदा आपल्या कामात किंवा आपल्या आनंदात असतो. त्यांनी कॅमेऱ्याने सौंदर्य शोधले. नंतरच्या काळात सुनील जाना हे नामांकित छायाचित्रकार त्यांच्याबरोबर हिंडले आणि या दोघांच्या कामाने आदिवासी म्हणजे ओंगळ व अडाणी, हा शहरी समज हलला. १९५१ साली मध्य भारताच्या आदिवासी कलेवरचे त्यांचे पुस्तक आले. कोरलेली दारे, मुखवटे, तंबाखूच्या डब्या, फण्या, भिंतीवरची चित्रे. ज्या वस्तूंना कोणी कला म्हणायला तयार नव्हते, त्यांना त्यांनी कलेचे नाव दिले.

पण येथेच एक बोच आहे. सौंदर्य शोधणारा डोळा काही गोष्टी पाहतो आणि काही टाळतो. मिलचे कापड, टिनाचा डबा, शहरी सदरा हे एल्विन यांना खुपत असे. जे जुने व शुद्ध तेच टिपावे, असा मोह त्यांना होता. ज्याच्या अंगावर तो सदरा असतो, त्याला मात्र तो हवासा वाटलेला असतो. शिवाय त्यांच्या बस्तरच्या चित्रांतील उघड्या अंगाच्या तरुणी पाहून शहरातल्या अनेकांना संस्कृतीपेक्षा भलतेच काही दिसले असणार. चित्र काढणाऱ्याचा हेतू निर्मळ असला तरी चित्र पाहणाऱ्याच्या डोळ्यावर त्याची सत्ता चालत नाही.

या साऱ्यातून जो वाद उभा राहिला, त्याचे दुसरे टोक महाराष्ट्रातच होते. बैगांसाठी राखीव, संरक्षित प्रदेश असावा, तेथे बाहेरचा सावकार, ठेकेदार आणि धर्मप्रचारक यांना शिरकाव नसावा, असे एल्विन यांनी सुचविले होते. १९४३ च्या एका छोट्या पुस्तिकेत बाह्य जगाशी आलेल्या संपर्कावरून त्यांनी आदिवासींचे चार वर्ग पाडले आणि अगदी दुर्गम भागातील लोकांना तूर्त त्यांच्या वाटेने जगू द्यावे, असे मांडले. यावर टीकेची झोड उठली. आदिवासींना प्राणिसंग्रहालयात ठेवायचे आहे काय, असे विचारले गेले. ठक्करबाप्पांसारख्या सेवाव्रती माणसानेही या अलगतेला विरोध केला. सर्वांत कठोर शास्त्रीय प्रतिवाद केला तो डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी. घुर्ये मालवणचे, केंब्रिजला शिकलेले, मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्राचे आचार्य. १९४३ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ग्रंथात त्यांनी म्हटले की ज्यांना तुम्ही आदिम म्हणता ते शतकानुशतके हिंदू समाजाच्या संपर्कात आहेत, ते मागासलेले हिंदूच आहेत, त्यांना वेगळे काढणे म्हणजे परकीय सत्तेच्या भेदनीतीला हातभार लावणे होय.

मी हा वाद विद्यार्थ्यांपुढे मांडतो तेव्हा वर्ग दोन बाजूंना विभागला जातो. घुर्ये यांच्या म्हणण्यात बळ आहे. कोणताही समाज हवाबंद बरणीत जगत नाही, आणि शिक्षण, दवाखाना, रस्ता यांवाचून कोणाला ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही. परंतु एल्विन यांच्या म्हणण्यातही सत्य आहे. मोठ्या समाजात मिसळताना आदिवासी बहुधा वरच्या पायरीवर जात नाही, तळाच्या पायरीवर जातो. जमीन सावकाराकडे, जंगल खात्याकडे आणि माणूस मजुरीला, असे ते मिसळणे होते. घुर्ये यांनी मुख्यतः ग्रंथ आणि अहवाल पाहिले, एल्विन यांनी माणसे पाहिली. मला विशेष वाटते ते हे, की या दोन विद्वानांच्या वादात ज्यांच्याविषयी वाद चालला होता त्यांच्यापैकी एकाचाही आवाज नव्हता. आपले काय व्हावे, हे बैगाला कोणी छापील पानावर विचारले नाही.

आता या चरित्रातील सर्वांत अवघड भाग. तो गाळून लिहिणे सोपे झाले असते, पण ते प्रामाणिक झाले नसते. १९४० मध्ये एल्विन यांनी कोसी नावाच्या राजगोंड मुलीशी विवाह केला. ती रैतवार गावची, मंडळाच्या शाळेत शिकलेली, आणि त्यांच्याहून वयाने फारच लहान. ऑक्सफर्डचा विद्वान गोंड कन्येशी लग्न करतो, याचा त्या वेळी मोठा गाजावाजा झाला. काहींना तो समतेचा आदर्श वाटला, काहींना कलंक. पुढे संसार मोडला. १९४९ मध्ये कलकत्त्याच्या न्यायालयात एकतर्फी घटस्फोट झाला. १९५३ मध्ये एल्विन यांनी पाटनगढच्या लीला या परधान स्त्रीशी विवाह केला आणि तो अखेरपर्यंत टिकला. कोसी मात्र आपल्या मुलुखात मागे राहिली. आयुष्याची अखेरची वर्षे तिने रैतवारला गरिबीत काढली आणि २०१० मध्ये, एल्विन यांच्यानंतर सेहेचाळीस वर्षांनी, ती वारली. एल्विन यांच्या आत्मचरित्रात शेकडो पाने आहेत. त्यांत कोसीच्या वाट्याला जेमतेम काही ओळी येतात.

ज्याने मुरिया तरुणींच्या मनाचे इतके बारकाईने वर्णन केले, त्याला आपल्या घरातल्या गोंड स्त्रीविषयी लिहायला शब्द सापडू नयेत? एखादा म्हणेल, खाजगी दुःखावर माणूस बोलत नाही. ते खरे असेलही. पण कोसीजवळ लेखणी नव्हती, प्रकाशक नव्हता, न्यायालयापर्यंत जाण्याचे बळ नव्हते. लिहिणाऱ्याने मौन धरले की ज्याच्याविषयी मौन धरले तो नाहीसाच होतो. एल्विन यांच्या मोठेपणाविषयी माझ्या मनात शंका नाही. पण त्यांचे पारडे जोखताना दुसऱ्या पारड्यात कोसीला बसवावे लागेल, असे मी मानतो.

स्वातंत्र्याच्या सुमारास एल्विन यांच्या जीवनाला नवे वळण मिळाले. १९४६ मध्ये ते भारतीय मानवविज्ञान सर्वेक्षणाचे उपसंचालक झाले. ती नोकरी त्यांनी १९४९ मध्ये सोडली. ओरिसातील बोंडो व सावरा या जमातींवरचे ग्रंथ अनुक्रमे १९५० व १९५५ साली निघाले. १९५४ मध्ये पंडित नेहरूंच्या सरकारने त्यांना ईशान्य सीमा प्रदेशाचे, म्हणजे तेव्हाच्या नेफाचे व आजच्या अरुणाचल प्रदेशाचे, आदिवासी विषयांचे सल्लागार नेमले. त्याच वर्षी ते भारताचे नागरिक झाले. मुक्काम शिलाँगला हलला. डोंगरदऱ्यांतून पायी दौरे, अधिकाऱ्यांना सूचना, कथा व कला यांचे संकलन, असे त्यांचे अखेरचे दशक गेले.

१९५७ साली निघालेल्या नेफाविषयीच्या त्यांच्या पुस्तकात जुन्या एल्विनचा सूर पालटलेला दिसतो. अलग ठेवणे त्यांनी नाकारले आणि गिळून टाकणेही नाकारले. विकास व्हावा, पण तो लोकांच्या स्वभावाच्या अंगाने व्हावा. जमीन व जंगल यांवरचे त्यांचे हक्क राखावेत. कारभार त्यांच्याच माणसांना शिकवावा. योजनांचा भडिमार करू नये. आणि यश मोजायचे ते खर्च झालेल्या रुपयांनी नव्हे, तर माणसाच्या घडणीने मोजावे. हीच पाच सूत्रे नेहरूंनी त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत मांडली आणि ती आदिवासी पंचशील म्हणून प्रसिद्ध झाली. या धोरणालाही विरोध झालाच. नेफात देशातल्या इतर नागरिकांना मुक्त प्रवेश नसावा हे डॉ. राममनोहर लोहियांना मुळीच मान्य नव्हते. तरी एवढे खरे की एका लेखकाच्या विचाराला देशाच्या कारभारात जागा मिळाली. १९६१ मध्ये त्यांना पद्मभूषण देण्यात आले. २२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. त्यांचे आत्मचरित्र त्याच वर्षी, मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले आणि त्याला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

एल्विन गेले, पण त्यांनी ज्या गावात संसार मांडला त्या पाटनगढची कथा तेथे संपली नाही. याच गावच्या परधान कुळातला जनगढसिंह श्याम हा तरुण १९८० नंतरच्या काळात भोपाळच्या भारत भवनामार्फत चित्रकार म्हणून पुढे आला. परधान हे मुळात गोंडांचे गायक, बाना वाजवून देवांच्या आणि राजांच्या कथा गाणारे. जनगढने ते गाणे रंगांत उतरविले. २००१ मध्ये जपानमध्ये त्याचा दुर्दैवी मृत्यू झाला, पण त्याच्या मागोमाग पाटनगढच्या घराघरांत चित्रकार तयार झाले. एके काळी परक्याच्या कॅमेऱ्यासमोर उभे राहिलेले गाव आता स्वतः चित्रे काढते आणि त्या चित्रांखाली आपले नाव लिहिते. एल्विन यांच्या साऱ्या सिद्धांतांपेक्षा मला हे मोठे वाटते. संस्कृती टिकते ती कुंपणाने नव्हे आणि विरघळून जाण्यानेही नव्हे. ज्यांची ती आहे त्यांच्या हाती साधन आले की ती टिकते.

यंदा मी वर्गात एक काम सांगितले होते. आपल्या घरातले सर्वांत जुने छायाचित्र शोधा आणि त्यात कोण आहे ते लिहून आणा. काहींनी आजोबांच्या लग्नाचे चित्र आणले, काहींनी गणवेशातल्या पणजोबांचे. सालेकसा भागातल्या बहुतेक गोंड मुलांना काहीच मिळाले नाही. त्यांच्या आजीचे पहिले छायाचित्र कोठल्या तरी सरकारी कागदासाठी काढलेले होते. त्यांतली एक मुलगी म्हणाली की आमच्या पणजीसारख्या बायकांची चित्रे पुस्तकांत आहेत, पण ती कोण हे त्यांत लिहिलेले नाही. मला उत्तर देता आले नाही. ती मुलगी मात्र थांबली नाही. माघ पौर्णिमेला कचारगढच्या यात्रेला गेली असता तिने आपल्या आजीकडून गाणी ऐकली, वहीत उतरवून घेतली, आजीचे चित्र काढले आणि खाली आजीचे पूर्ण नाव, गाव आणि कुळाचे देव लिहिले.

विद्यार्थी मित्रहो, एल्विन यांच्यापासून घ्यावे असे पुष्कळ आहे. पदवी नसताना अभ्यास करण्याचे धाडस, सुखाची वाट सोडण्याची तयारी, मत चुकीचे वाटले की ते बदलण्याचा मोकळेपणा, आणि सामान्य माणसाच्या गाण्यात काव्य ऐकू येणारा कान. आणि त्यांच्याकडून जे राहून गेले तेही शिकण्यासारखेच आहे. त्यांच्याजवळ मोजक्या फिल्म होत्या, शहर शेकडो मैल दूर होते. आज तुमच्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि हाताशी वही आहे. आपल्या झाडीपट्टीतली दंडार, रेलाची गाणी, बोडीवरच्या म्हाताऱ्याच्या गोष्टी, मोहफुले वेचणाऱ्या बायांचे शब्द, हे सारे लिहायला आता कोणा बडा भाईची वाट पाहण्याचे कारण नाही. फक्त लिहिताना आणि चित्र काढताना समोरच्याला आधी विचारा, त्याचे नाव लिहा, आणि झालेले लिखाण त्याला वाचून दाखवा.